राखणदाराच्या औषधालाही शिस्त हवी

शेतकऱ्याच्या दारातील जनावरांचा हिशेब मांडताना आपण बैल, गाई, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या मोजतो. कुत्रे व मांजर यांची आठवण त्या हिशेबात सहसा होत नाही. वस्तुतः रात्री खळ्यावर व गोठ्यापाशी जागणारा कुत्रा आणि कणगीभोवती उंदरांचा बंदोबस्त करणारे मांजर हे दोघेही शेतकऱ्याचे बिनपगारी नोकरच होत. रानडुकराचा कळप उभ्या पिकात शिरला, तर पहिली हाक कुत्राच देतो. पोत्यांतील धान्याची नासाडी थांबते, ती पुष्कळदा मांजरामुळेच. म्हणून ही जनावरे आजारी किंवा जखमी झाली असता त्यांच्या उपचाराकडे शेतकरी अधिक लक्ष देऊ लागला आहे, ही समाधानाची गोष्ट मानली पाहिजे.

परंतु या आस्थेबरोबर एक घातक सवयही गावोगाव रुजत आहे. घरातील माणसाच्या आजारपणात आणलेल्या गोळ्यांपैकी चार-दोन उरलेल्या असतात. त्यांतीलच एखादी भाकरीच्या तुकड्यात घालून कुत्र्याला दिली जाते. जखम वाळली की औषध बंद होते आणि ती चिघळली की दुसरे, अधिक ‘जालीम’ औषध दुकानातून आणले जाते. अशा रीतीने वापरल्या जाणाऱ्या औषधांत सेफॅलोस्पोरिन वर्गातील प्रतिजैविके पुष्कळ असतात. सेफालेक्सिन, सेफाड्रॉक्सिल, सेफिक्झिम, सेफपोडॉक्सिम, सेफ्ट्रायॅक्झोन ही नावे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी औषधांच्या पाकिटांवर पाहिली असतीलच.

याविषयी आमचे स्पष्ट मत असे आहे की, बैलाच्या किंवा दुभत्या गाईच्या औषधाला जी शिस्त आपण लावू इच्छितो, तीच शिस्त राखणदार कुत्र्याच्या व घरच्या मांजराच्या औषधालाही लागली पाहिजे. निदान करणे व औषध ठरविणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. परंतु वजन करणे, नोंद ठेवणे आणि ठरलेली मुदत पाळली जाते की नाही हे पाहणे, ही तीन कामे गावातच व्हावयास हवीत. ती झाली नाहीत तर उत्तम औषधही वाया जाते आणि पुढे माणसांनाच त्याची झळ पोहोचते.

हे औषध आले कोठून व करते काय

इटलीच्या सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहरी ज्युझेप्पे ब्रोत्झू नावाच्या वैद्यकाने १९४५ साली, सांडपाणी समुद्राला मिळते त्या ठिकाणच्या पाण्यातून एक बुरशी वेगळी काढली. ती बुरशी इतर जंतूंची वाढ रोखते, असे त्यास आढळले. पुढे ती ऑक्सफर्ड येथे पाठविण्यात आली व तेथे एडवर्ड एब्रहॅम आणि गाय न्यूटन या शास्त्रज्ञांनी तीतून सेफॅलोस्पोरिन-सी हे द्रव्य निराळे केले. त्यापासून पुढे सिद्ध झालेले या वर्गातील पहिले औषध १९६४ साली बाजारात आले.

जंतूच्या अंगाभोवती एक कठीण आवरण असते. विहिरीला जसे बांधकाम, तसे जंतूला हे आवरण. सेफॅलोस्पोरिन या आवरणाचे बांधकाम पुरे होऊ देत नाही आणि मग जंतू फुटून मरतो. प्राण्यांच्या पेशींना असे आवरण नसते. म्हणूनच योग्य मात्रेत हे औषध कुत्र्या-मांजरांना सहसा चांगले मानवते. पेनिसिलिनही याच रीतीने काम करते. दोन्ही औषधे एकाच कुळातील आहेत, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार असल्याने ध्यानात ठेवावी.

या वर्गातील औषधांच्या पिढ्या मानल्या जातात. सेफालेक्सिन व सेफाड्रॉक्सिल ही पहिल्या पिढीतील असून कुत्र्यांच्या त्वचेतील पुवाळ रोगांवर ती बरीच वापरली जातात. सेफिक्झिम, सेफपोडॉक्सिम व सेफ्ट्रायॅक्झोन ही तिसऱ्या पिढीतील होत. येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. पिढी नवी म्हणजे औषध प्रत्येक दुखण्यावर अधिक गुणकारी, असा त्याचा अर्थ नव्हे. कोणते जंतू कोणत्या पिढीच्या औषधाने मरतात, यात फरक आहे. साध्या जखमेतील जंतूंवर पहिल्या पिढीचे औषध पुष्कळदा पुरेसे, किंबहुना अधिक योग्य ठरते.

दुखणे ओळखल्यावाचून औषध नको

जे औषध जंतू मारते ते विषाणू मारीत नाही, ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने गावात समजावून सांगितली पाहिजे. पिलांना होणारी पार्व्होची रक्ताची हगवण आणि डिस्टेंपर हे विषाणूंचे रोग आहेत. त्यांत पशुवैद्यक कधी प्रतिजैविक देतात, ते दुर्बल झालेल्या शरीरात दुसऱ्या जंतूंनी शिरकाव करू नये म्हणून. मूळ रोग त्याने जात नाही. पिलाला तेथे सलाईनची व शुश्रूषेची गरज असते, आणि त्याहून आधी वेळेवर लस टोचण्याची गरज असते.

गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचीही हीच कथा आहे. कुत्रा मलूल होतो, खाणे सोडतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. अशा वेळी सेफॅलोस्पोरिनची इंजेक्शने देऊन तीन-चार दिवस घालविले जातात. परंतु गोचीड-तापास कारण होणारे एर्लिकिया व बबेसिया हे रोगकारक या औषधाला दाद देत नाहीत. त्यांची औषधे निराळी आहेत व रक्त तपासून ती ठरविता येतात. गेलेले दिवस मात्र परत येत नाहीत. लूत ही सूक्ष्म किडीमुळे होते व गजकर्ण बुरशीमुळे. त्यांच्यावरही हे औषध व्यर्थ आहे. जखमेत किडे पडले असतील तर ते प्रथम काढावे लागतात; गोळीने किडे मरत नाहीत.

सर्वांत गंभीर इशारा पिसाळण्यासंबंधी आहे. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत आहे, खालचा जबडा लोंबत आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, अशी लक्षणे पाहून घशात हाड अडकले असावे किंवा घसा सुजला असावा, असा तर्क केला जातो आणि घरचे माणूस तोंडात हात घालून गोळी सारते. हे साक्षात मृत्यूला बोलावणे आहे. पिसाळीवर कोणत्याही प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही आणि लाळेतून हा रोग माणसाला होतो. असे जनावर हाताळू नये, शक्य असल्यास दूरूनच कोंडावे व पशुवैद्यकास तत्काळ कळवावे. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असल्यास ती जागा वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. मांजराच्या चाव्यालाही हाच नियम लागू आहे.

प्रत्येक जखमेला प्रतिजैविक लागतेच असे नाही

मांजरांच्या भांडणात दातांची जखम वरून मिटते व आत पू साठून गळू होते. या गळूचा मुख्य उपचार म्हणजे ते उघडून पू काढणे व आतील भाग धुणे. हे काम पशुवैद्यकाने करावयाचे आहे. पू आत राहू देऊन वरून गोळ्या दिल्या तर औषध तेथवर नीट पोहोचत नाही. कुत्र्याच्या त्वचेवरील वरवरच्या पुळ्यांसाठीही क्लोरहेक्सिडिनसारख्या जंतुनाशक द्रव्याने अंग धुण्यावर आज अधिक भर दिला जातो. अनेक जनावरांना पोटात औषध देण्याची वेळच येत नाही.

साधी, उथळ जखम झाली तर शेतकऱ्याने करावयाचे पहिले काम सोपे आहे. एक लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवावे व त्या पाण्याने जखम भरपूर धुवावी. नंतर स्वच्छ कापडाने ती झाकावी व कुत्र्याला चाटू देऊ नये. रॉकेल, जळके तेल किंवा फिनाईल जखमेवर ओतू नये. फिनाईलसारखी द्रव्ये मांजराला तर विषासमान आहेत. अंगावर लागलेले द्रव्य ते चाटून पोटात घेते. रानडुकराच्या सुळ्याने पोट किंवा छाती फाटली असेल तर तेथे गोळीचा विचारही करू नये. ओल्या स्वच्छ कापडाने जखम झाकून जनावरास दवाखान्यात पोहोचवावे, कारण तेथे शस्त्रक्रियेची गरज असते.

वजन हाच मात्रेचा पाया

पशुवैद्यकाने सेफॅलोस्पोरिन द्यावयाचे ठरविले म्हणजे मात्रेचा प्रश्न येतो. उदाहरणादाखल सेफालेक्सिनचा हिशेब पाहू. कुत्र्यासाठी त्याची मात्रा सामान्यतः शरीराच्या दर किलो वजनास १५ ते ३० मिलिग्रॅम, दर १२ तासांनी अशी धरतात. यांपैकी २२ मिलिग्रॅम हा आकडा घेतला तर १५ किलो वजनाच्या गावठी कुत्र्यास एका वेळी ३३० मिलिग्रॅम, ३० किलोच्या अल्सेशियनला ६६० मिलिग्रॅम, आणि त्याच प्रमाणाने ३ किलोच्या मांजरास केवळ ६६ मिलिग्रॅम औषध लागते. हा हिशेब समजुतीसाठी दिला आहे. प्रत्यक्ष मात्रा रोग, वय व प्रकृती पाहून पशुवैद्यकच ठरवितात.

आता माणसांच्या कॅप्सूलकडे पाहा. ती २५० किंवा ५०० मिलिग्रॅमची असते. ५०० ची कॅप्सूल मांजराला दिली तर वरील हिशेबाच्या सातपटींहून अधिक औषध पोटात जाते. या औषधाची सुरक्षिततेची मर्यादा बरीच विस्तृत असल्याने मांजर बहुधा दगावणार नाही, पण ओकाऱ्या, जुलाब होतील व ते खाणे सोडील. याउलट २५० ची कॅप्सूल अल्सेशियनला दिली तर त्यास निम्म्याहूनही कमी औषध मिळते. पहिली चूक डोळ्यांना दिसते, दुसरी दिसत नाही; म्हणून दुसरी अधिक वाईट. अपुऱ्या मात्रेने दुबळे जंतू मरतात आणि चिवट जंतूंना मोकळे रान मिळते.

यास्तव अंदाजाने औषध देणे सोडून दिले पाहिजे. कुत्र्याचे वजन करणे अवघड नाही. धन्याने कुत्र्यास उचलून काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे व दोन्ही आकड्यांची वजाबाकी करावी. मोठा कुत्रा धान्याच्या काट्यावर बसविता येतो. मांजरास झाकणाच्या टोपलीत ठेवून तोलावे व टोपलीचे वजन वजा करावे. पिलांचे वजन लवकर वाढते. त्यांचे मागील महिन्याचे वजन या महिन्यात चालत नाही.

माणसांची उरलेली औषधे न देण्याचे आणखी एक कारण आहे. घरातील डब्यात प्रतिजैविकाच्या शेजारीच तापाची गोळी पडलेली असते. पॅरासिटामॉल मांजरास प्राणघातक आहे, आणि अंगदुखीवरील आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण पडून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मुलांच्या काही गोड पातळ औषधांत झायलिटॉल नावाचे गोडीद्रव्य असते, ते कुत्र्याला विषारी आहे. अक्षरे पुसट झालेल्या पाकिटातील गोळी नेमकी कोणती, याची खात्री कोण देणार?

औषध देताना पाळावयाच्या गोष्टी

औषध सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यकास चार गोष्टी न विसरता सांगाव्यात. पूर्वी पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन दिल्यावर जनावरास अंगावर गांधी, सूज किंवा धाप आली होती काय. त्यास मूत्रपिंडाचा विकार आहे काय. मादी गाभण आहे किंवा पिलांना पाजीत आहे काय. आणि सध्या दुसरे कोणते औषध चालू आहे. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन एकाच कुळातील असल्याने एकाचे वावडे असलेल्या जनावरास दुसऱ्याचेही वावडे असू शकते. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडे दुबळी असल्यास मात्रा बदलावी लागते.

दिवसातून दोनदा द्यावयाच्या औषधासाठी सकाळ-संध्याकाळच्या धारांची वेळ उत्तम. ती कोणी विसरत नाही आणि दोहोंमधील अंतरही जवळजवळ १२ तासांचे असते. औषध थोड्या खाद्याबरोबर दिले असता ओकारी कमी होते. गोळी लहानशा घासात घालून हाताने भरवावी व गिळल्याची खात्री करून मग बाकीचे खाणे घालावे. मोठ्या परातीत कुस्करून टाकलेले औषध निम्मे तळाशी राहते, किंवा दुसरेच कुत्रे खाऊन जाते. एखादी वेळ चुकली तर आठवण होताच औषध द्यावे. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली मात्रा सोडून द्यावी. दोन मात्रा एकदम देऊ नयेत.

किरकोळ ओकारी, पातळ हगवण किंवा मंदावलेली भूक हे या औषधाचे नेहमी आढळणारे उपद्रव होत. ते वाढल्यास औषध आपल्या मनाने बदलू नये, पशुवैद्यकास विचारावे. परंतु तोंड किंवा पापण्या सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे, हिरड्या फिक्या पडणे, जनावर कोसळणे, ही लक्षणे औषधानंतर दिसली तर ती जीवावरची वेळ समजावी. पुढील मात्रा न देता जनावरास त्वरित दवाखान्यात न्यावे. इंजेक्शन दवाखान्यात किंवा पशुवैद्यकासमोरच घ्यावे व नंतर अर्धा तास तेथेच थांबावे, असे आम्ही सांगतो ते याचसाठी. ज्या माणसास या औषधांचे वावडे आहे त्याने ती हाताळू नयेत; इतरांनीही औषध दिल्यावर हात साबणाने धुवावेत.

ज्यांच्या घरी ससे पाळले आहेत त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. सशाच्या आतड्यातील उपयुक्त जंतूंवरच त्याचे पचन चालते. या वर्गातील औषध तोंडावाटे गेले तर ती घडी विसकटून जीवघेणी हगवण लागते. कुत्र्यासाठी आणलेली गोळी सशाला कधीही देऊ नये. तसेच कुत्र्यासाठीच्या कुपीतील उरलेले औषध गाईच्या किंवा शेळीच्या कासेसाठी वापरू नये. त्याचा अंश दुधात उतरतो व ते दूध मुलांच्या पोटात जाते.

जालीम इंजेक्शनाचा मोह

“एकच सुई द्या, पण जालीम द्या,” अशी मागणी कार्यकर्त्यांच्या कानी वारंवार येते. या मागणीपोटी सेफ्ट्रायॅक्झोनसारखी तिसऱ्या पिढीची इंजेक्शने किरकोळ जखमांनाही टोचली जातात व एक-दोन सुयांनंतर उपचार सुटतो. या प्रथेस आमचा ठाम विरोध आहे. हीच औषधे माणसांतील न्यूमोनिया, मेंदूज्वर, रक्तातील जंतुदोष व विषमज्वर यांवर जीव वाचवितात. जागतिक आरोग्य संघटनेने तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांची गणना मानवी वैद्यकासाठी सर्वोच्च महत्त्वाच्या प्रतिजैविकांत केली आहे. ही औषधे सरसकट वापरात येण्याच्या सुमारास, १९८३ सालीच, त्यांना निष्प्रभ करणारे द्रव्य निर्माण करणारे जंतू जर्मनीत आढळले होते. आज असे जंतू जगभर, आपल्या देशातही, माणसांत व जनावरांत सापडतात.

कुत्रा ओसरीवर निजतो, मुलांचे हात चाटतो, तेथेच अंगणात विष्ठा करतो. त्याच्या आतड्यात व कातडीवर जे जंतू औषधाला सरावतात ते त्याच्यापुरते राहत नाहीत. कुत्र्यांच्या त्वचेवर आढळणाऱ्या एका जातीच्या जंतूंतही असे प्रकार निपजले आहेत की, पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन कुळातील जवळजवळ कोणतेच औषध त्यांच्यावर चालत नाही. वारंवार उलटणारा त्वचारोग असेल तर औषधे बदलत बसण्यापेक्षा पू प्रयोगशाळेत तपासून कोणते औषध लागू पडते ते पाहणे शहाणपणाचे व अखेरीस स्वस्तही पडते.

सरकारी नियमही याच दिशेने आहेत. तिसऱ्या पिढीची पुष्कळ सेफॅलोस्पोरिने १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत असून त्यांची विक्री चिठ्ठीवरच व्हावी आणि दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत ती नोंदवावी, असा दंडक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गाई-बैल, डुकरे व कोंबड्या यांमध्ये या वर्गाच्या मनमानी वापरावर २०१२ साली निर्बंध घातले. नियम कागदावर आहेत. ते अंगणात उतरविणे आपल्या हाती आहे.

काही आक्षेप

“दवाखाना दूर आहे, तोवर काय हात बांधून बसायचे?” असे शेतकरी विचारतो, आणि त्याची अडचण खरी आहे. त्यास उत्तर असे की, हात बांधून बसण्यास कोणीच सांगत नाही. जखम धुणे, झाकणे, जनावरास सावलीत ठेवणे व पाणी पाजणे ही कामे तत्काळ करावीत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. साध्या जखमेच्या बाबतीत पहिल्या घटकेला धुणे हे गोळीपेक्षा अधिक उपयोगी असते.

“कुत्र्यासाठी एवढा खर्च कोण करील?” हा दुसरा आक्षेप. त्यावर आमचे म्हणणे असे की, अंदाजाने आणलेली तीन निरनिराळी औषधे एका नेमक्या औषधापेक्षा महाग पडतात. शिवाय ही शिस्त खर्च वाढविणारी नसून पुष्कळदा औषध टाळणारी आहे.

तिसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा आहे: “औषध दिले नाही तर लोक आम्हाला विचारणार नाहीत.” हा आक्षेप आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. गावात मान मिळतो तो सुई टोचण्याने, ही समजूत जुनी आहे. परंतु ज्याच्या वहीत प्रत्येक कुत्र्याचे वजन, लसीची तारीख व वावड्याची नोंद आहे, त्याचे म्हणणे पशुवैद्यकही कान देऊन ऐकतो आणि गावही.

गावाने काय करावे

आमची सूचना अशी. पिसाळीप्रतिबंधक लसीचे शिबिर गावात भरते, त्याच दिवशी प्रत्येक कुत्र्याचे व मांजराचे वजन करावे. एका साध्या वहीत धन्याचे नाव, जनावराचे वय व वजन, लसीची तारीख, पूर्वीचे औषधाचे वावडे यांची नोंद करावी. पुढे औषध सुरू झाले म्हणजे त्याच पानावर पशुवैद्यकाने सांगितलेले औषध, मात्रा, प्रारंभाची व समाप्तीची तारीख आणि शेवटी गुण आला की नाही, हे लिहावे. पशुसखी, पंचायतीचे कर्मचारी किंवा शाळेतील शिक्षक यांपैकी कोणीही हे काम करू शकेल. त्यास औषधाचे ज्ञान लागत नाही; काटा, वही व चिकाटी पुरते.

मुदतीच्या मध्यावर कार्यकर्त्याने एकदा त्या घरी जावे. जखम वाळली म्हणून औषध थांबविले आहे काय, गोळ्या किती उरल्या आहेत, हे पाहावे. गुण लवकर आला असेल तर मुदत कमी करावयाची की नाही हे पशुवैद्यकास विचारावे; धन्याने परस्पर ठरवू नये. तीन-चार दिवसांत काहीच फरक नसेल तर तीही बातमी पशुवैद्यकास पोहोचवावी, कारण निदान पुन्हा तपासण्याची ती वेळ असते. उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर टाकू नयेत, कोंबड्या त्या टिपतात. दुसऱ्या जनावरासाठी जपूनही ठेवू नयेत. त्या दवाखान्यात परत द्याव्यात.

चांगले औषध हे गावच्या विहिरीसारखे आहे. ती एकाच्या मालकीची नसते, आणि एकाने घाण केली तरी पाणी साऱ्यांचे बिघडते. सेफॅलोस्पोरिन आज आपल्या राखणदाराला वाचविते. उद्या तेच औषध आपल्या घरातील आजारी मुलाला लागू पडावे अशी इच्छा असेल, तर ते निदानावाचून घेऊ नये, तोलल्यावाचून देऊ नये आणि विचारल्यावाचून थांबवू नये. येत्या लसीकरण शिबिरात औषधाच्या पेटीशेजारी एक काटा व एक वही दिसावी, एवढीच ग्रामकार्यकर्त्यांस व शेतकरी बंधुभगिनींस विनंती.